जिभेचा रकाना

नांदेडला माहेरी गेले की मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात, "तिकडे कुंभकोणमला तू नक्की करतेस तरी काय?" मी सांगते, भाताच्या पेंढ्यापासून साखर काढतो. त्या हसतात. मग लगेच दुसरा प्रश्न, "आणि तुझे ते राव काय म्हणतात?" कारण रावांचा एखादा किस्सा मी मागच्या खेपेला सांगून गेलेली असते.

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. कापणी झाल्यावर बांधाला पेंढा पडून राहतो, कुणी उचलत नाही आणि ढीग मात्र वाढत जातो, तसं हे होतं. फक्त एक आधीच सांगून ठेवते. हे किस्से ऐकायला लोक हसत बसतात आणि उठताना गप्प असतात. त्याला माझा इलाज नाही.

आमची लॅब म्हणजे साक्कोट्टैच्या रस्त्यावर एका खाजगी कॉलेजच्या मागे असलेली पत्र्याची शेड. माणसं तीन. वसंता मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली, आणि सेतुराव टेक्निशियन. पेंढ्यात साखर असते, पण माळेत घट्ट गुंफलेली. ती सुटी करायला एन्झाइम लागतात, आणि तेही तीन. पहिलं माळ मधूनच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मण्यांच्या जोड्या काढतं, तिसरं त्या जोड्या फोडून एकेक मणी मोकळा करतं. मोकळा मणी गोड लागतो, जोडीला जेमतेम चव असते. आणि जोड्या साचल्या की आधीची दोघं हात आखडता घेतात. तिघांचं प्रमाण जुळवणं, एवढंच आमचं काम. सहा वर्षं तेच चाललंय.

राव त्या तिघांना जावई म्हणायचे. "एकेकटा ठेवला तर एकही काम करीना. अस्की एका पंक्तीस बसवायचे, मग बघा बाई." अस्की म्हणजे सगळे. रावांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन तिथंच राहिलेलं. माझं मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं.

* * *

राव मुलाखतीला आले तेव्हा साठीला टेकले होते. उभी हयात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेलेली, कारखाना बंद पडलेला. वसंता मॅडमनी विचारलं, "कोणकोणती उपकरणं चालवता?"

"जीभ," राव म्हणाले.

मॅडम हसणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी मला तीन बीकर भरून आणायला सांगितले. एकात ग्लुकोज, एकात नुसतं पाणी, एकात त्या न फुटलेल्या जोड्या. रावांनी हात धुतले, करंगळी बुडवली, डोळे मिटले. पहिल्याला म्हणाले, "पूर्ण." दुसऱ्याला, "नाहीं." तिसऱ्याला जरा वेळ लागला. "ही साखर नव्हे. साखर होतां होतां राहिली आहे. अर्धवट."

आमचं साखर मोजायचं मशीन हेच सांगायला पाऊण तास घ्यायचं.

मग त्यांनी खुलासा केला की त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजाच्या मुदपाकखान्यात होते. राजाच्या आधी घास चाखून बघायचं काम. विष असलं तर आधी यांना कळायचं. खरंखोटं देव जाणे.

मॅडमनी विचारलं, "त्यातले जगले किती?"

"मी आहें कीं," राव म्हणाले. नोकरी लागली.

* * *

राजघराण्याचा तो वारसा आमच्याकडे जवळजवळ पूर्ण झाला होता. फ्लास्कमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून आम्ही चिमूटभर औषध घालतो. औषध म्हणजे चक्क विष. रावांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका दुपारी मी वळून बघते तर राव डोळे मिटून उभे आणि ओली करंगळी ओठांपासून वीतभर अंतरावर. मी त्यांच्या मनगटावर असा फटका मारला की फ्लास्क फुटला.

वसंता मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोर्ड लावला. "लॅबमध्ये कोणतीही वस्तू तोंडात घालू नये." तमिळमध्ये, इंग्रजीत, आणि खास रावांसाठी माझ्याकडून लिहून घेतलेला मराठीत. रावांनी तिन्ही ओळी शांतपणे वाचल्या.

"अक्षर बरें आहे," ते म्हणाले. "आतां बिनविषाचा फ्लास्क कोणता तें सांगा."

तेव्हापासून प्रत्येक बॅचचे दोन फ्लास्क लागू लागले. एक मशीनसाठी, औषध घातलेला. एक औषधाशिवाय, त्याच्यावर चिठ्ठी, "राव". मॅडमना हे अधिकृतपणे कधीच माहीत नव्हतं. राव करंगळी बुडवायचे तेव्हा त्या खिडकीबाहेर नारळ बघत उभ्या राहायच्या. नोंदवहीत मशीनच्या आकड्यांच्या शेजारी रावांनी पट्टी घेऊन स्वतः एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "जीभ". तोही मॅडमना कधी दिसला नाही.

सहा वर्षांत त्या दोन रकान्यांचं कधी भांडण झालं नाही. मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मशीन खोटं बोलत नाही." राव त्यावर म्हणायचे, "मीही नाहीं."

* * *

आयुधपूजेला इकडे प्रत्येकजण आपापल्या हत्यारांना गंध-कुंकू लावतो. शिंपी मशीनला, ड्रायव्हर बसला, आम्ही आमच्या काचेच्या सामानाला. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, ते देवापुढे ठेवायचं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला प्रत्येक हत्यार थोडं तरी चालवायचं, म्हणजे वर्षभर चालतं.

पहिल्याच वर्षी वसंता मॅडम चंदनाची वाटी घेऊन फिरत होत्या. मशीनला तीन बोटं ओढली, तराजूला टिळा लावला. राव ओळीत शेवटी उभे होते. मॅडम आल्या तसे त्यांनी वाटीत बोट बुडवलं, जीभ बाहेर काढली, टोकावर चंदनाचा ठिपका लावला आणि तोंड मिटून घेतलं.

मला वाटलं थट्टा आहे. पण त्या दिवशी राव एक अक्षर बोलले नाहीत, आणि काही खाल्लंही नाही. नैवेद्याचे चणे रुमालात बांधून घेतले. संध्याकाळी त्यांची बायको काशीबाई भेटली, तेव्हा मी विचारलं.

"कारखान्यांत होते तेव्हांपासून असेंच," ती म्हणाली. "वर्षांतला एक दिवस मला सुख असतें."

* * *

एकदा आडुतुरैकडचे काही शेतकरी लॅब बघायला आले. मशीननं कापणी केली की पेंढा शेतभर विखुरतो, पुढच्या पेरणीला दिवस उरत नाहीत, म्हणून लोक काडी लावून मोकळे होतात. त्या आठवड्यात आकाश राखाडीच होतं आणि सगळ्यांचे डोळे लाल. वसंता मॅडमनी तासभर समजावून सांगितलं. रावांनी करंगळी बुडवून "पूर्ण" म्हटलं.

पुढे बसलेले एक आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "अम्मा, फार चांगलं काम आहे. मग या वर्षी जाळू नको ना?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "या वर्षी आम्हाला फक्त दोन पोती लागतील."

आजोबांनी मान डोलावली, लुंगीसारख्या वेष्टीच्या कनवटीची काडेपेटी चाचपून बघितली आणि बसची वेळ विचारली.

* * *

आता पानाच्या डब्याचं. कुंभकोणमची विड्याची पानं कोवळी असतात, उन्हात तासाभरात मान टाकतात. म्हणून राव आपला डबा लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, दुसऱ्या आणि तिसऱ्या एन्झाइमच्या मधे. एक दिवस तो मॅडमच्या हाताला लागला. पानं, सुपारी आणि तंबाखू.

"हे काय आहे?"

"मॅडम, थुंकींतही एन्झाइम असतें. हा चौथा जांवई."

मॅडमनी डबा उचलून कचऱ्यात टाकला. पाऊण तास तमिळमध्ये बोलल्या, त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि उरलेलं इथं लिहिण्यासारखं नाही. राव उभं राहून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावांकडे नवा डबा होता, भरलेला. मी दारासुरम्‌ला राहते. बसथांब्याच्या समोरचा पानवाला माझ्या वाटेवरच आहे. स्कूटर थांबवायची, पानं घ्यायची, तंबाखूची पुडी घ्यायची, की झालं. सहा वर्षं रोज सकाळी ती पुडी मीच आणून दिली. हे मी मैत्रिणींना कधी सांगितलेलं नाही.

* * *

यंदा पोंगलनंतर दोन रकान्यांचं भांडण लागलं. मशीन म्हणे पूर्ण, राव म्हणत अर्धवट. पुढची बॅच, तेच. त्याच्या पुढची, तेच.

अर्धवट म्हणजे तिसरा जावई कमी पडतोय. आम्ही त्याचं प्रमाण वाढवलं. राव म्हणाले, "अर्धवटच." दुप्पट केलं. "अर्धवट." मॅडम सुरुवातीला म्हणाल्या की मशीन खोटं बोलत नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी चेन्नईहून सर्व्हिसवाल्याला बोलावलं. सहा वर्षं न चुकलेल्या जिभेपुढे जुनं मशीन काय टिकणार! मीच त्यांना तसं म्हटलं होतं.

सर्व्हिसवाला आला, सगळं उघडून बघितलं, म्हणाला, ठीक आहे. तो गेला आणि राव म्हणाले, "अर्धवट." आम्ही त्याला परत बोलावला. दुसऱ्या खेपेला तो चिडला. हत्यारांची पेटी बंद करत म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही. तुमचं स्टँडर्ड तपासा."

स्टँडर्ड म्हणजे शुद्ध साखरेच्या पाण्याची बाटली. तिच्याशी ताडून मशीन बाकीचं मोजतं. आम्ही ती बाटली ओतून दिली, नवी केली, तीही ओतून दिली, परत केली. दोन महिने आम्ही बाटल्या तपासत होतो. राव बाहेर पायरीवर बसून विडा चघळत वाट बघायचे, की आता तरी पूर्ण होईल.

* * *

मग एका रविवारी काशीबाईनं जेवायला बोलावलं. आंबट भाजी होती, भात होता. माझ्या पानात तिखट होतं, रावांच्या पानात नव्हतं. ते मान एका बाजूला कलती करून जेवत होते.

"दोन महिने झाले," काशीबाई म्हणाली. "तिखट अस्की बंद. काय म्हणून विचारलें तर हातानेंच नको म्हणतात."

मी हातातला घास खाली ठेवला. "राव, जीभ दाखवा."

"तें यंत्र आहे, बाई. दाखवायची वस्तु नव्हे."

"दाखवा."

त्यांनी दाखवली. डावी कड पांढरी, मधे लाल खड्डा. मी साखरेच्या जोड्या ओळखणारी बाई आहे, डॉक्टर नाही, पण तेवढं मलाही कळलं.

तंजावरच्या इस्पितळात मी आणि वसंता मॅडम दोघी बरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? रावांना आठवेना. म्हणाले, मध्यंतरीं, सणानंतर. माझ्या पिशवीत नोंदवही होती. मी पानं उलटली आणि पहिलं "अर्धवट" ज्या तारखेला होतं ती तारीख सांगितली. डॉक्टरांनी वही हातात घेतली. पुढच्या प्रत्येक पानावर तेच, तारीखवार, वेळेसकट, रावांच्या सुंदर अक्षरात.

"इतकी नीट हिस्टरी मला आजवर कोणी आणून दिली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि झेरॉक्स काढायला पाठवली.

"थँक यू," मॅडम म्हणाल्या. सवयीनं.

* * *

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर जीभ काढून समजावलं, कुठून किती जाईल. राव लक्ष देऊन बघत होते. मग म्हणाले, "टोंक ठेवा. गोड टोंकास कळतें."

डॉक्टर म्हणाले, ती जुनी समजूत आहे, चव जिभेला सगळीकडेच कळते. टोक तसंही राहणारच आहे. पण नंतर रेडिएशन द्यायचंय, त्यानं सगळ्याच जिभेची चव जाते. कुणाची परत येते, कुणाची येत नाही.

बाहेर बाकावर काशीबाई बसली होती. राव तिला म्हणाले, "टोंक ठेवताहेत."

तेवढंच सांगितलं. उरलेलं मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायला निघून गेले.

* * *

रेडिएशन संपल्यावर दोनेक महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. राव निम्मे झाले होते. बोलणं कळत नव्हतं, म्हणून उशाशी पाटी-पेन्सिल. मला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, "रकाना?"

"रिकामा ठेवलाय," मी म्हटलं. ते खरं होतं. आणि आणखी एक खरं मी बोलले नाही. प्रत्येक बॅचला आजही दुसरा फ्लास्क लावला जात होता, चिठ्ठीसकट. मी लावत नव्हते. चिठ्ठीवरचं अक्षर तमिळ होतं.

काशीबाईनं कॉफी आणली, दोघांना. रावांनी घोट घोट करून हळूहळू सगळी संपवली, टंबलर खालच्या वाटीत, डबऱ्यात, पालथा घातला आणि मान हलवली, छान झाली होती म्हणून. मग मी माझी तोंडाला लावली.

मीठ होतं. बाईचा हात चुकून दुसऱ्या बरणीत गेला होता, रात्ररात्र जागून डोळे कुठे ठिकाणावर होते तिचे. तिनं माझा चेहरा बघितला, टंबलर काढून घेतला, आत जाऊन चाखला. बराच वेळ बाहेर आली नाही.

मी निघाले तेव्हा दारात तिनं माझा हात धरला. "त्यांस सांगू नको. आपल्यास कळलें तें त्यांस कळूं नये."

* * *

आता शेवटचा. हा मी नांदेडला अजून सांगितलेला नाही.

दसऱ्याच्या आधी कॉलेजच्या ऑफिसातून वसंता मॅडमना एक फॉर्म आला. सदर टेक्निशियन आपले नेमून दिलेले काम करण्यास सक्षम आहेत किंवा कसे, प्रमुखांनी पडताळून सुट्टीपूर्वी कळवावे. मॅडमनी तो पेपरवेटखाली ठेवला. सुट्टी आली तरी तिथंच होता.

आयुधपूजेला राव आले नाहीत. मॅडमनी मशीनला चंदन लावलं, तराजूला लावलं, आणि ओळीच्या शेवटी रिकाम्या जागेपाशी वाटी घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या.

विजयादशमीला सकाळी हत्यारं चालवायची म्हणून मी एक छोटी बॅच लावलेली होती, नावापुरती. तिसरं एन्झाइम संपलं होतं, नवं यायचं होतं. दोनच घातली होती. ती पूर्ण होणं शक्यच नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मॅडमनाही माहीत होतं, कारण तिसऱ्याची मागणी त्यांनीच लिहून पाठवली होती.

दहाच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. काशीबाईनं हात धरून रावांना उतरवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो आता त्यांच्या अंगात दुसऱ्या कुणाचा वाटत होता. ते बेसिनपाशी गेले आणि हात धुतले, आधी धुवायचे तसे, कोपरापर्यंत. मग फ्लास्कांसमोर उभे राहिले.

मी म्हटलं, "राव, आजची बॅच..."

"चालू दे," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या.

रावांनी चिठ्ठीचा फ्लास्क उचलला. करंगळी बुडवली, डोळे मिटले, करंगळी जिभेच्या टोकाला लावली. काशीबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. मशीन घरघरत होतं. राव कितीतरी वेळ तसेच होते, पूर्वी कधी लागला नव्हता इतका वेळ. मग डोळे उघडून त्यांनी आम्हा तिघींच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं.

वही ओढली. आपल्या रकान्यात, तारीख घालून, वेळ घालून, सुंदर अक्षरात लिहिलं, "पूर्ण".

पाऊण तासानं मशीनमधून कागद बाहेर आला. तो मी फाडला, बघितला आणि मॅडमना दिला. राव स्टुलावर बसून कागदाकडेच बघत होते.

वसंता मॅडमनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"मशीन बिघडलंय," त्या म्हणाल्या. "सर्व्हिसवाल्याला फोन कर."